घाटगाडीच्या आठवणी : खिडकीतून आणि रुळावरून

मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे महोत्सवी अंक आणि हौसेने खासगी छापलेली आत्मवृत्ते यांतून माळव्यातील मराठी माणसाचे आठवणीवजा लेखन गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ साचले आहे. या लेखनात काही स्थळे जणू ठरून गेली आहेत. राजवाडा, गणेशोत्सव, एखादे मास्तर, सराफ्यातली रात्र, आणि मे महिन्याच्या सुटीत गावाकडे जाताना लागणारा पातालपानी-कालाकुंडचा घाट. हा घाट चुकवून आमच्या पिढीतील कोणाचेही बालपण पुढे सरकत नाही. या घाटवर्णनांचा थोडा कठोरपणे विचार करावा, असा हेतू मनात धरून हा लेख लिहीत आहोत. इतरांच्या लेखनाची नावे घेण्याचे कारण नाही. अशा वर्णनांपैकी एक आमचेही आहे आणि दोष दाखवायला तेवढे पुरेसे आहे.

घाटाला हे स्थान मिळाले यात नवल नाही. इंदूरहून महाराष्ट्राकडे जाण्याची वाटच त्यातून होती. महूपर्यंत पठार, पातालपानीपासून चोरल नदीच्या खोऱ्यात उतार, मग कालाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह करीत नर्मदेचा पूल, पलीकडे सनावद आणि शेवटी खंडवा. खंडव्याला मीटरगेजची छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसले की भुसावळ, आणि तेथून ज्याचे-त्याचे गाव. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले होते. १८७८ मध्ये खंडवा-इंदूर मार्ग पुरा झाला. संस्थानिकाच्या पैशाने आलेली ही गाडी आमच्या घराण्यांना 'आपली' वाटत असे आणि घाट हा त्या आपलेपणाचा उंबरठा होता. जाताना उतरायचा तो देशाकडे जाण्यासाठी, येताना चढायचा तो घरी येण्यासाठी. कोणता देश आणि कोणते घर, याचा उलगडा आमच्या पिढीला अजून नीटसा झालेला नाही, हा निराळा विषय.

या वर्णनांची घडण आता पाहू. आरंभी इंजिनाचा धूर आणि डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण. मग आजीने फडक्यात बांधून घेतलेल्या दशम्या. पातालपानीच्या धबधब्यासाठी उजवी-डावी बाजू धरण्यावरून भावंडांचे भांडण. बोगदा येताच डबाभर उठणारी आरोळी. कालाकुंडला पानांच्या द्रोणातून मिळणारा कलाकंद. नर्मदेच्या पुलावरून टाकलेले नाणे आणि आजीचे जोडलेले हात. परतताना मागे लागलेले दुसरे इंजिन, आणि दोन इंजिने एकमेकांना शिट्ट्यांनी साद घालत चढ चढतात तो थरार. शेवटी एक उसासा : ती गाडी गेली, तो काळ गेला. क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण सामग्री हीच. गदिमांच्या त्या सर्वपरिचित बालगीताने मामाच्या गावाला नेणाऱ्या गाडीचे जे चित्र मराठी मनात कायमचे रेखले, त्याला आम्ही माळव्याचा घाट जोडला, इतकेच.

यात खोटे काही नाही. आम्हीही हे सारे पाहिले आहे आणि एका स्मरणिकेत पुष्कळ रंगवून लिहिलेही आहे. त्या लेखाचे वाचन एका छोट्या सभेत झाले. लोकांना ते आवडले. सभा संपल्यावर महूहून आलेले एक गृहस्थ भेटावयास थांबले. वडील मूळचे खानदेशातले, घाटातल्या गँगमध्ये कीमन म्हणून उभी हयात गेलेले. त्यांचे स्वतःचे बालपण रुळालगतच्या क्वार्टरमध्ये गेले होते. नमस्कार करून ते म्हणाले, "साहेब, लेख गोड आहे. पण तुमच्या घाटात पाऊस पडतो, धबधबा पडतो, दरड मात्र कधीच पडत नाही."

आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी येऊन लेख पुन्हा वाचला. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. १५० ओळींच्या त्या लेखात धबधब्याला ११ ओळी होत्या, कलाकंदाला ७ आणि माकडांना ५. रुळावरच्या माणसाला एक ओळही नव्हती. नेमके सांगायचे तर अर्धी ओळ होती : 'वाटेत हिरवे निशाण दाखवून हसणारे गँगमन'. ते कोणाला निशाण दाखवीत होते आणि खरोखर हसत होते का, हा प्रश्न लिहिताना आम्हांला पडला नव्हता.

त्यानंतर आम्ही त्या गृहस्थांकडे अनेकदा गेलो. त्यांनी सांगितले त्यातील थोडा भाग येथे देणे आवश्यक आहे, कारण आमच्या टीकेचा आधार तोच आहे. गँगचा म्होरक्या मेट. त्याच्या हाताखाली दहा-पंधरा गँगमन, पहारी, बीटर, घमेली. रुळाखालची खडी पावसाने आणि गाडीच्या भाराने खचते. ती उकरून पुन्हा स्लीपरखाली ठासायची, रूळ पहारींनी रेटून ओळीत आणायचा, वळणावर बाहेरचा रूळ ठरल्याइतका उंच ठेवायचा. कीमन, म्हणजे तिकडच्या बोलीतला चाबीवाला, याचे काम निराळे. खांद्यावर हातोडा टाकून तो रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. रूळ आणि त्याखालची बैठक यांना आवळून धरणारी चावी सैल झाली की हातोड्याच्या ठोक्याला तिचा आवाज बद्द येतो, घट्ट असली की खणखणीत येतो. "वडील घरात जेवताना भांड्याचा आवाज ऐकूनही सांगायचे, याला चीर आहे," असे ते म्हणाले.

घाटात या कामाला आणखी एक धार असे. पातालपानी ते कालाकुंड हा सुमारे १० किलोमीटरचा तुकडा, आणि तेथे चढ चाळीस फुटांना एक फूट. असल्या उतारावर गाडी ब्रेक लावत उतरते तेव्हा रूळही तिच्याबरोबर कणाकणाने खाली सरकतो. वर फटी रुंदावतात, खाली मिटतात. हा सरकलेला रूळ माणसांनी पुन्हा मागे ओढायचा. अखंड वळणांमुळे रुळाची कड झिजते, ती डोळ्यांत तेल घालून पाहायची. आणि पावसाळ्यात रात्रीची गस्त. एका हातात बत्ती, झोळीत लाल-हिरवी निशाणे आणि रुळावर ठेवायचे फटाके. दरड दिसली तर गाडीच्या दिशेने धावत जाऊन ते फटाके रुळावर लावायचे, म्हणजे चाकाखाली स्फोट होऊन ड्रायव्हर सावध होतो. दोन हद्दींचे गस्तवाले मध्ये भेटत आणि आपल्या वह्यांची अदलाबदल करीत. दुसऱ्याची वही हातात आली, म्हणजे दोघेही आपापली हद्द चालून आले याचा तो पुरावा. "आई वही मोजायची," ते म्हणाले. "सकाळी वडिलांच्या हातात दुसऱ्याची वही दिसली की चहा टाकायची."

हे ऐकल्यावर आमच्या आठवणींची मांडामांड आपोआप बदलू लागली. लहानपणी ज्या ठेक्यावर आम्ही झोपी जात असू, तो खटक-खटक आवाज रुळांच्या सांध्यांचा. उन्हात रूळ वाढतो म्हणून दोन तुकड्यांत फट ठेवावी लागे, ती फिशप्लेटने जोडावी लागे, आणि रुळाची सर्वांत अधिक देखभाल त्या सांध्याचीच करावी लागे. आम्हांला ज्याची अंगाई झाली, ते गँगचे रोजचे दुखणे होते. रूळ लांबच्या लांब जोडले जाऊ लागल्यावर तो ठेका गेला म्हणून आम्ही हळहळतो. त्या हळहळीला अर्थ आहे, पण सांध्याच्या कामातून सुटलेल्या माणसाला ती ऐकवण्यापूर्वी थोडा विचार करावा. हिरव्या निशाणाचेही तसेच. काम चाललेल्या जागी बाजूला सरून गँगचा माणूस ड्रायव्हरला सांगत असे : येथून सांभाळून ने. आम्ही मुले खिडकीतून हात हलवीत असू आणि ते आमचेच स्वागत समजत असू.

बालपणाच्या आठवणीत बालबुद्धी असणारच, तिला दोष कसला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो आम्हांला मान्य आहे. सात वर्षांच्या मुलाने निशाण आपल्यासाठी आहे असे समजणे यात दोष नाही, उलट त्यात गोडवा आहे. पण लेख सात वर्षांचा मुलगा लिहीत नाही. तो पासष्टीचा पेन्शनर लिहितो, ज्याला आयुष्यात एकदा तरी त्या निशाणाचा अर्थ विचारता आला असता. आठवणीच्या लेखनात दोन वये असतात, पाहणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे. आमच्या घाटवर्णनांत दुसरे वय गैरहजर आहे. लिहिणारा आपले पिकलेले वय केवळ उसासा टाकण्यापुरते वापरतो, चौकशी करण्यासाठी वापरत नाही. हा या लेखनप्रकाराचा मुख्य दोष आहे, असे आमचे मत झाले आहे.

हा दोष मराठी प्रवासलेखनाच्या मुळातच होता का? तसे दिसत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये याच मुलखातून गेले. सातपुडा ओलांडून महू, उज्जैन, धार करीत ते ग्वाल्हेर-झांशीकडे सरकले. त्यांचा 'माझा प्रवास' १८८३ च्या सुमारास लिहिला गेला आणि १९०७ मध्ये छापला गेला. तेव्हा येथे रूळ नव्हते. भटजी पायी चालत होते, म्हणून त्यांच्या पुस्तकात वाट ही माणसांनी भरलेली आहे. बातमी सांगणारे शिपाई, आसरा देणारे यजमान, लुटणारे, वाट दाखवणारे. परतताना आईवडिलांसाठी त्यांनी गंगेची कावड आणली. त्या ओझ्याची जाणीव वाचकाच्याही खांद्याला होते. रेल्वे आल्यावर प्रवास सुखाचा झाला, पण प्रवासी आणि वाट यांच्यामध्ये खिडकी आली. खिडकीतून डोंगर दिसतो, झाड दिसते, धबधबा दिसतो. वाट मात्र दिसत नाही, कारण ती आपल्याच पायाखाली असते. वाटच दिसत नसेल तर वाट राखणारा कोठून दिसणार?

रुळावरचा माणूस मराठी साहित्यात आलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा आठवावी. उधन्याला रेल्वेत नोकरीस आलेला तरुण, निवाऱ्यासाठी लपवावी लागलेली जात, आणि ती उघड झाल्यावर बसलेला मार. ही कथा घाटाची नाही, सपाटीची आहे, आणि तिचा विषय रूळही नाही. पण आमच्या चर्चेत तिचे महत्त्व मोठे आहे. स्मरणरंजनात रेल्वेचे कामगार जेव्हा कधी येतात, तेव्हा 'रेल्वेचे एक मोठे कुटुंब' म्हणून येतात. त्या कुटुंबात कोणाला कोठे बसू दिले जाई, कोणाचे पाणी वेगळे असे, हे बागुलांसारखा आतला माणूसच सांगू शकला. आम्ही त्या महूच्या गृहस्थांना याविषयी विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पहार एकच होती, साहेब. माठ दोन होते." यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

एक परदेशी उदाहरण घेण्याचा मोह होतो, कारण खिडकीतून खाली कसे उतरावे हे त्यात दिसते. चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या रेल्वे अपघातातून वाचला. पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढून ठेवले होते, गँगच्या मुकादमाने त्या दिवशीच्या गाडीची वेळ चुकीची वाचली होती, आणि निशाणवाला पुरेसा दूर उभा नव्हता. दहा माणसे दगावली. डिकन्सने जखमींना पाणी पाजले. या धक्क्यानंतर त्याने मुकादमाला खलनायक करणारी कथा लिहिली असती तर कोणी नवल केले नसते. पण १८६६ च्या नाताळात त्याने 'द सिग्नलमॅन' ही कथा लिहिली. तिचा निवेदक खोल खोदाईच्या कड्यावरून खाली पायवाटेने उतरतो आणि बोगद्याच्या तोंडाशी एकट्याने काम करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसतो. ती भुताची कथा म्हणून वाचली जाते. आम्हांला मात्र ती जबाबदारीच्या भीतीची कथा वाटते. ज्याच्या एका चुकीने गाडी जाईल, त्याच्या रात्रीची ती कथा आहे. प्रवाशाने कड्यावरून उतरणे, एवढी एकच हालचाल तिच्यात निर्णायक आहे. आमच्या कोणत्याही घाटवर्णनात लेखक डब्यातून उतरत नाही. उतरला तरी कलाकंद घेण्यापुरता.

आता ज्या गोष्टीने आम्हांला सर्वाधिक विचारात पाडले तिच्याकडे येतो. लिखित आठवणींनी जो माणूस गाळला, तो लोकस्मृतीने आपल्या पद्धतीने जपला आहे. पातालपानीजवळ टंट्या मामाचे ठाणे आहे. सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याशी झुंजलेल्या टंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिले गेले, आणि त्याचा देह या घाटात रुळाशेजारी आणून टाकला, अशी लोकांची श्रद्धा आहे. येथे प्रत्येक गाडी क्षणभर थांबते, ड्रायव्हर मामाला वंदन करतो आणि मग उतार सुरू होतो, हे आम्ही सर्वांनी लहानपणी ऐकले आणि पाहिले. रेल्वेचे म्हणणे असे की घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची चाचणी घ्यावीच लागते, म्हणून गाडी थांबते. आमच्या वर्णनांत या दोन कारणांचा झगडा लावण्याची पद्धत आहे. भाविक लेखक पहिले कारण देतो, सुशिक्षित लेखक दुसरे देऊन स्मित करतो.

आम्हांला वाटते, दोघांनीही अर्धेच पाहिले आहे. ब्रेक धरेल की नाही या शंकेने उताराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला हात जोडावेसे वाटतात. नियम आणि नमस्कार एकाच भीतीपोटी आले आहेत. शिवाय या डोंगराचे मूळचे रहिवासी भिल्ल आणि भिलाले. ज्या रुळावर त्यांच्या श्रमाचा घाम पडला, त्या रुळाने त्यांच्यातल्या एका माणसापुढे क्षणभर थांबावे, ही लोकांनी परस्पर केलेली नोंद आहे. बोरघाटातही तेच दिसते. तेथे १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेचे काम चालले, २५ बोगदे खोदले गेले, १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक मजूर कामावर होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावल्यावर त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुरे करून घेतले, याची नोंद इतिहासाने केली आणि ती योग्यच आहे. त्या हजारो मजुरांपैकी मात्र कोणाचे नाव सर्वसामान्य वाचकाला माहीत नाही. घाटात शिंग्रोबाचे देऊळ मात्र आहे. इंग्रजांना वाट दाखवणारा आणि त्याबद्दल प्राण गमावलेला धनगर, अशी त्याची दंतकथा. कालका-सिमला मार्गावर काठीने वाट दाखवणाऱ्या बाबा भलकूची कथाही याच जातीची. इतिहासाच्या काटेकोर कसोटीला या कथा किती उतरतील हा प्रश्न निराळा. प्रत्येक घाटात लोकांना एक माणूस आठवावासा वाटला, ही गोष्ट खरी आहे.

पण दैवतीकरणाचीही एक मर्यादा आहे, ती नजरेआड करू नये. देवाला पगार लागत नाही, क्वार्टरचे गळके छप्पर त्याला बाधत नाही, त्याची पोरे शाळेसाठी मैलोगणती चालत नाहीत. शिंग्रोबाला नारळ वाहून आपण मोकळे होतो. कामगाराचे ऋण निराळे असते. ते फेडायचे तर आधी त्याचे काम समजून घ्यावे लागते. आमच्यासारख्यांना हे जड जाते त्याचे एक कारण आमच्या सवयीत आहे. राज्य शासनाच्या नोकरीत आम्ही हजारो फायली पाहिल्या. त्यांत माणूस 'पद' म्हणून येतो : मंजूर इतकी, भरलेली इतकी, रिक्त इतकी. कचेरीत ती सवय उपयोगी पडते. लेखणीत ती शिरली की माणूस 'हसणारे गँगमन' असा अनेकवचनी होऊन जातो. रेल्वेनेही त्याचे नाव बदलत नेले, गँगमनचा ट्रॅकमन झाला आणि ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर. नाव बदलले तरी रूळ तोच आणि धोकाही तोच. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात कामावर असताना जीव गमावणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांकडेही लक्ष वेधले होते.

येथे उलट बाजूचा धोकाही सांगून ठेवतो. रुळावरचा माणूस लेखात आणायचा म्हणजे त्याला दीनवाणा करायचा, त्याच्या फाटक्या सदऱ्यावर दोन अश्रू ढाळायचे, ही दुसरी ठरीव रीत आहे आणि तीही खिडकीतूनच येते. त्या गृहस्थांच्या बोलण्यात कष्ट होते, अपमान होता, पण दैन्य नव्हते. वडिलांच्या कानाचा अभिमान होता. लहान असताना डबा घेऊन ते रुळाच्या कडेने जात, तेव्हा वडील हातोडा त्यांच्या हातात देऊन दोन चाव्या ठोकायला लावीत आणि विचारीत, "काय म्हणते?" चावी काय म्हणते हे ओळखता येणे, ही त्या घरातली विद्या होती. आमच्या बालपणी धबधबा होता, त्यांच्याही होता. ते म्हणाले, "पाऊस वाढला की धबधब्याचा आवाज क्वार्टरपर्यंत यायचा. तुम्हांला तो बघायला आवडायचा. आमच्या घरात तो आवाज वाढला की बोलणे बंद व्हायचे." एकाच पाण्याच्या या दोन आठवणी आहेत. दुसरी वाचल्याशिवाय पहिली पुरती कळत नाही, असे आता आम्हांला वाटते. पहिली टाकून द्यावी, असे मात्र मुळीच वाटत नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की या घाटाचे आता स्मारक झाले आहे. २५ डिसेंबर २०१८ रोजी पातालपानी-कालाकुंड दरम्यान वारसा म्हणून सहलीची गाडी सुरू झाली. पुढे तिला मोठमोठ्या काचांचे डबे जोडले गेले. महू-ओंकारेश्वर रोड दरम्यान उरलेली मीटरगेजची नेहमीची गाडी २०२३ च्या आरंभी गेज बदलण्याच्या कामासाठी बंद झाली. ब्रॉडगेजची वाट हा तीव्र उतार टाळून निराळ्या बाजूने आखली गेली. म्हणजे ज्या वाटेने आमची घराणी दीडशे वर्षे ये-जा करीत होती, ती वाट म्हणून संपली आणि देखावा म्हणून उरली. दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-सिमला (२००८) या डोंगरी मार्गांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वारशाच्या भाषेत बहुधा इंजिने, पूल, कमानी आणि वळणे असतात. दार्जिलिंगच्या इंजिनापुढे बसून चाक घसरू नये म्हणून हाताने रुळावर वाळू टाकणारा माणूस छायाचित्रात दिसतो, त्याची कहाणी क्वचितच ऐकू येते. आमच्या घाटात काच मोठी झाली आहे. दिसणारे मात्र तेच राहिले आहे.

इमारतींचा वारसा सरकार सांभाळील, न सांभाळील. कानाचा वारसा सरकारला सांभाळता येणार नाही. चावीचा आवाज ओळखणारे, गस्तीची वही बदलणारे, मागच्या इंजिनाशी शिटीने बोलणारे लोक महू, बडवाह, सनावद, खंडवा येथे अजून थोडे आहेत आणि आमच्याच वयाचे आहेत. त्यांतील बरेच मराठी बोलतात, बाकीचे निमाडी किंवा माळवी. आमच्या संस्थांमधून बालपणाच्या आठवणींच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात. स्पर्धेच्या नियमांत एकच कलम वाढवावे, असे सुचवावेसे वाटते : घाटावर लिहिणाराने रुळावर काम केलेल्या किमान एका माणसाला भेटून लिहावे. लेख कमी येतील, पण जे येतील त्यांत दरड कोसळेल.

त्या गृहस्थांनी वडिलांचा हातोडा आम्हांला दाखवला. दांडा दोनदा बदललेला, लोखंड तेच. त्यांनी तो घराच्या उंबरठ्यावर ठोकून दाखवला आणि विचारले, "काय म्हणतो?" आम्हांला सांगता आले नाही. आमचा तो जुना लेख पुन्हा छापण्याविषयी एका स्नेह्यांनी अलीकडेच विचारले. आम्ही होकार दिला आहे. धबधबा तसाच ठेवला आहे, कलाकंद तसाच ठेवला आहे. फक्त ती अर्धी ओळ बदलली आहे. आता ती अशी आहे : वाटेत एक माणूस हिरवे निशाण धरून उभा होता, आणि ते निशाण आम्हांला दाखवलेले नव्हते.